संकट सरल्यानंतरची पंगत
(विज्ञानकथेतील वंशभेद आणि वंशसहकार)

वसंतातील व्याख्यानांची चाल पुण्याला नवी नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली तिचा पाया घातला, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार शहाण्या गोष्टी ऐकायला जाणे ही या शहराची सवयच होऊन गेली. ती चाल आता विश्रांतवाडीसारख्या, एके काळी गावाबाहेरच्या वाडीत गणल्या गेलेल्या भागातही रुजली, याचा आम्हांला आनंद वाटतो. मात्र आज आम्ही जो विषय घेतला आहे, तो ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडण्याचा संभव आहे. मंगळावरची माणसे, यंत्रमानव, तबकड्या, हा मुलांचा खाऊ; त्याचे प्रौढांच्या सभेत काय काम, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणूनच हे सारे व्याख्यान समजावे.

विज्ञानकथेत दोन प्रकारचे वंश येतात. एक, पृथ्वीवरचेच, गोरे, काळे, पिवळे म्हणून माणसांनी एकमेकांची जी वाटणी केली ते. दुसरे, परग्रहांवरचे, तीन डोळ्यांचे, हिरव्या कातडीचे, शुंडाधारी. आमचे म्हणणे असे की हे दोन प्रकार मुळात एकच आहेत. परग्रहवासी कोणी पाहिलेला नाही. त्यामुळे त्याचे चित्र रंगवताना लेखकापुढे एकच नमुना असतो, तो म्हणजे त्याच्या गावातला परका. कथेतला मंगळकर कसा वागतो हे पाहिले की लेखकाचा समाज आपल्या शेजाऱ्याला कसे वागवतो हे कळते.

या कथांत भेद आणि सहकार हे दोन्ही विपुल आहेत. त्यांतला खरा सहकार कोणता आणि दिखाऊ कोणता, हे ओळखायला आम्ही एक देशी कसोटी सुचवतो. गावात आग लागली म्हणजे विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लागते, आणि हंडा कोणाच्या हातून आला हे त्या वेळी कोणी पाहत नाही. आग विझते. आठ दिवसांनी गावजेवण होते, आणि ज्याच्या हातचा हंडा आपण घेतला होता त्याची पंगत वेगळी मांडली जाते. संकटातली रांग हा सहकार आहे खरा. परंतु त्याची परीक्षा पंगतीत होते. कोणतीही विज्ञानकथा वाचताना आम्ही शेवटचे पान उलटून हेच पाहतो: संकट सरल्यानंतर कोण कोठे बसले?

आता इतिहासाकडे वळू. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाची मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी लंडनच्या एका मासिकात १८९७ च्या एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत क्रमशः छापली गेली आणि १८९८ साली पुस्तकरूपाने आली. परग्रहाच्या स्वारीच्या पुढच्या साऱ्या कथांची ही आजी. तिच्यात मंगळावरचे प्राणी इंग्लंडवर चाल करतात, उष्ण किरणांनी माणसे जाळतात, आणि जगातल्या सर्वांत बलाढ्य साम्राज्याची तारांबळ उडवतात. पण वेल्सने पहिल्याच प्रकरणात आपल्या वाचकांना एक चिमटा काढून ठेवला आहे. मंगळवासीयांना दुष्ट ठरवण्यापूर्वी, आपण युरोपियनांनी टास्मानिया बेटावरच्या लोकांचे काय केले ते आठवा, असा त्याचा सांगावा आहे. टास्मानियातील मूळ रहिवाशांचा पन्नासएक वर्षांत जवळजवळ निःपात झाला होता. म्हणजे परग्रहावरच्या स्वारीची ही आद्य कथा मुळातच वंशसंहाराचा उलटा आरसा होती.

आता तेच १८९७ साल पुण्यात पाहा. त्या वर्षी पुण्यावर खरीच स्वारी झाली होती, आणि ती डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंची होती. वेल्सच्या कथेत मंगळवासी मरतात ते आपल्या भूमीवरच्या सूक्ष्म जंतूंनी. पुण्यात प्लेगच्या जंतूंनी माणसे मरत होती. परकी सत्ता, घराघरांत शिरणारे गोरे सोजीर, विलगीकरणाच्या छावण्या, आणि अखेर २२ जून रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग कमिशनर रँडवर झालेला गोळीबार, हा इतिहास पुणेकरांना पाठ आहे. ज्या महिन्यांत लंडनचा वाचक कल्पनेतल्या आक्रमणाने शहारत होता, त्याच महिन्यांत पुण्याचा माणूस त्याच लंडनच्या शिपायाला दारात पाहून शहारत होता.

त्या संकटात सहकार झाला की नाही? झाला. ओडेसा शहरात जन्मलेला ज्यू शास्त्रज्ञ हाफकिन याने मुंबईत प्लेगची लस सिद्ध केली आणि १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परक्या वंशाचा, परक्या देशाचा माणूस आमच्यासाठी आपला दंड पुढे करतो, याहून मोठा सहकार कोणता? पण त्याच वेळी प्लेगची रुग्णालये मात्र धर्माधर्मांची वेगळी निघाली. पुण्यात हिंदूंचे प्लेग हॉस्पिटल निराळे उभारावे लागले, आणि त्यात लोकमान्य टिळकांचा पुढाकार होता. सरकारी रुग्णालयाविषयी लोकांच्या मनांत भीती होती हे त्याचे कारण, आणि ते खोटे नव्हते. तरीसुद्धा मरणाच्या दारातही खाटा एका ओळीत लागल्या नाहीत, हे नोंदवावेच लागते.

त्या ओळी मोडणारी एक व्यक्ती पुण्यात होती. सावित्रीबाई फुले यांनी आपला दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत याच्याकरवी हडपसरजवळच्या माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना घातला. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन तेथे पोहोचवले. त्या मुलापासून त्यांना संसर्ग झाला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. वेल्सच्या कथेचा पहिला हप्ता निघायला तेव्हा अजून काही दिवस अवकाश होता. जगातल्या साऱ्या विज्ञानकथा वाचल्या तरी वंश आणि जात यांच्या पलीकडच्या सहकाराचे याहून सरळ चित्र मिळणार नाही, असे आमचे मत आहे. आणि हे चित्र कल्पित नाही.

वेल्सची दुसरी एक कादंबरी या विषयाला अधिक जवळची आहे. कालयंत्राची ही कथा १८९५ सालची. तीत एक मनुष्य कालयंत्रात बसून आठ लाख वर्षे पुढे जातो आणि पाहतो तो मानवजातीचे दोन वंश झालेले. एक वरच्या उजेडात राहणारा. नाजूक, आळशी, फळे खाऊन गाणारा. दुसरा जमिनीखाली यंत्रे चालवणारा. पांढुरका आणि अंधाराला सरावलेला. हे दोन वंश कोठून आले? एके काळी ते मालक आणि मजूर होते. एकाने काम करायचे आणि दुसऱ्याने भोगायचे असा शिरस्ता युगानुयुगे चालला, परस्परांत सोयरीक राहिली नाही, आणि वर्गाचा वंश झाला.

ही कल्पना वाचून इंग्रज वाचकाला धक्का बसला असेल. मराठी वाचकाला ती ओळखीची वाटायला हरकत नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भीमराव आंबेडकर नावाच्या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने भारतातील जातींवर एक निबंध वाचला. त्याचे सार असे की जातीचे मर्म पोटजातीतच लग्न करण्याच्या बंधनात आहे. बाकीचे सारे त्या कुंपणाच्या राखणीसाठी. पुढे १९३६ साली जातिसंस्थेच्या उच्छेदाविषयीच्या आपल्या पुस्तकात त्यांनी स्पष्ट मांडले की जात म्हणजे श्रमांची वाटणी नसून श्रमिकांचीच वाटणी आहे, आणि जातींचा वंशाशी संबंध नाही. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार हे एकाच वंशाचे आहेत. वेल्सने जे आठ लाख वर्षांनी होईल म्हणून भय घातले, ते कातडी न बदलता आणि भूमिगत न होता दोन-अडीच हजार वर्षांत साधण्याची युक्ती आपल्या समाजाला सापडली होती.

येथेच आणखी एका शब्दाची आठवण करून देतो. कारेल चापेक या चेक नाटककाराने १९२० साली एक नाटक लिहिले, आणि ‘रोबो’ हा शब्द जगाला त्यातून मिळाला. चेक भाषेत त्या मूळ शब्दाचा अर्थ वेठ. आपल्याकडे वेठबिगार म्हणतात तीच. म्हणजे आज ज्याला आपण मोठ्या कौतुकाने यंत्रमानव म्हणतो, त्याच्या जन्माच्या दाखल्यावर ‘वेठबिगार’ असे लिहिलेले आहे. काम करणारा हा वेगळ्या जातीचाच असला पाहिजे, ही समजूत जगात किती खोल गेली आहे याचा हा पुरावा.

कोण कोठून आला आणि कोणाची भूमी कोणी घेतली, ही विज्ञानकथेची आवडती गोष्ट महाराष्ट्रात विज्ञानकथा जन्मण्यापूर्वीच सांगितली जात होती. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले आणि ते अमेरिकेतील कृष्णवर्णी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथल्या लोकांना अर्पण केले. पुण्याच्या गंजपेठेतला एक माळी सातासमुद्रापलीकडच्या गुलामाचे दुःख आपले मानतो, ही वंशसहकाराची केवढी मोठी झेप! त्याच पुस्तकात त्यांनी विष्णूच्या अवतारांचा अर्थ परक्या आक्रमकांचे सरदार असा लावला. वामन हा घुसखोर आणि बळी हा रयतेचा राजा. उलट बाजूला १९०३ साली लोकमान्य टिळकांनी वेदांचे मूळ घर उत्तर ध्रुवाकडे असल्याचा आपला सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. एकाने आर्यांना आक्रमक ठरवले, दुसऱ्याने त्यांना हिमयुगातून निघालेले प्राचीन प्रवासी ठरवले. दोघांच्याही हाती त्या काळचे वंशशास्त्र होते. आंबेडकरांनी १९४६ साली शूद्रांच्या मूळाविषयीच्या ग्रंथात आर्य हा वंश असल्याची कल्पनाच अमान्य केली. तिघांचे हेतू निराळे, निष्कर्ष निराळे. तरी एक गोष्ट ध्यानात येते. वंशाची गोष्ट सांगणारा नेहमी आजच्या पंगतीविषयी बोलत असतो.

मग शास्त्र काय म्हणते? त्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. विश्रांतवाडीहून येरवड्याकडे निघाले की थोड्याच अंतरावर डेक्कन कॉलेजची १८६८ सालची दगडी इमारत लागते. या संस्थेत १९३९ पासून इरावतीबाई कर्वे यांनी मानववंशशास्त्र शिकवले. पण त्याआधीची त्यांची हकीकत कोणत्याही विज्ञानकथेत शोभावी अशी आहे. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. याच गृहस्थांच्या विचारांचा आधार पुढे नाझींच्या वंशवादाला मिळाला. गोऱ्यांच्या मेंदूचा एक भाग अधिक विकसित असतो, म्हणून त्यांच्या कवटीची उजवी-डावी बाजू अधिक विषम असली पाहिजे, अशी कल्पना तेथे होती. इरावतीबाईंना निरनिराळ्या वंशांच्या कवट्या मोजायला दिल्या. त्यांनी त्या प्रामाणिकपणे मोजल्या आणि सांगितले की कवटीची विषमता सर्व माणसांत आढळते. वंशावर ती अवलंबून नाही. परक्या देशात, गुरूच्या समोर, गुलाम राष्ट्रातून आलेल्या एका तरुण स्त्रीने हे लिहून दिले. हाती मोजपट्टी असणे निराळे आणि मोजपट्टीचे खरे ऐकणे निराळे.

पुढे इरावतीबाई महाराष्ट्रातल्या जातीजमातींची शरीरमापे घेत राहिल्या. ती पद्धत आज मागे पडली आहे. १९५० साली युनेस्कोने निरनिराळ्या देशांच्या विद्वानांकरवी वंशाविषयी निवेदन काढले आणि माणसांतली वंशाची उच्चनीचता शास्त्राला मान्य नाही असे जाहीर केले. १९७२ साली रिचर्ड ल्युऑन्टिन या जीवशास्त्रज्ञाने रक्तगट व प्रथिने यांवरून गणित मांडून दाखवले की माणसामाणसांतल्या आनुवंशिक फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत सापडतात. सोप्या शब्दांत सांगायचे तर आपल्या गल्लीतली दोन माणसे एकमेकांपासून जेवढी भिन्न, त्याहून फारसे अधिक भिन्न असे दूरदेशीचे माणूस नसते. शास्त्राने पंगतीतली भिंत पाडली. पाट मात्र अजून जागचे हललेले नाहीत.

आता आम्ही दोन धूमकेतूंच्या गोष्टी शेजारी ठेवतो. पहिली अमेरिकेतील कृष्णवर्णी विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांची, १९२० सालची. न्यूयॉर्कच्या एका बँकेतला काळा निरोप्या तळघरात पाठवला जातो. तो खाली असताना धूमकेतूच्या विषारी वायूने वरचे शहर मरून पडते. त्याला एकच जिवंत माणूस भेटते: एक श्रीमंत गोरी तरुणी. दोघे मोटारीतून साऱ्या शहरात माणसांचा शोध घेतात. जगात आपण दोघेच उरलो या जाणिवेने तिच्या डोळ्यांवरचा रंगाचा पडदा गळून पडतो. एवढ्यात मोटारीचा कर्णा वाजतो. फक्त न्यूयॉर्कच मेले आहे, बाकीचे जग सुखरूप आहे! तिचा बाप येतो, तिचा भावी नवरा येतो, जमाव जमतो, आणि त्या निरोप्याला झाडाला टांगण्याची भाषा सुरू होते. मुलगी सांगते, याने मला वाचवले. बाप त्याच्या हातात पैसे ठेवतो. पंगत पूर्ववत मांडली जाते.

याच ड्युबॉइस यांना १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णी लोकांचा प्रश्न आणि अस्पृश्यांचा प्रश्न यांतले साम्य त्यांनी त्यात दाखवले, आणि ड्युबॉइस यांनी त्यांना सहानुभूतीचे उत्तर पाठवले. म्हणजे पहिल्या धूमकेतूचा कर्ता आणि आपला घटनाकार यांचा पत्रव्यवहार होता.

दुसऱ्या धूमकेतूची गोष्ट आपल्या जयंत नारळीकरांची. मराठी विज्ञानकथेला तशी जुनी परंपरा आहे. १९०० साली कोचीहून निघणाऱ्या ‘केरळ कोकिळ’ मासिकात ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे मराठी रूप छापून येऊ लागले; भा. रा. भागवतांनी व्हर्न घरोघरच्या मुलांपर्यंत पोहोचवला. नारायण धारपांनी प्रौढांसाठी लिहिले. पण या प्रकाराला साहित्याच्या ओसरीवरून माजघरात आणले ते नारळीकरांनी. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. आपल्याच आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटवला होता. लिहिणारा कोण हे न कळता परीक्षकांनी कथेला पहिले पारितोषिक दिले. पुढच्या वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी तिचे स्वागत केले. २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले, आणि २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ या कथेत दत्ता नावाच्या एका हौशी आकाशनिरीक्षकाला नवा धूमकेतू सापडतो, आणि तो पृथ्वीवर आदळणार असे गणित निघते. निरनिराळ्या राष्ट्रांचे शास्त्रज्ञ गुप्तपणे एकत्र येतात आणि अण्वस्त्रांचा उपयोग करून धूमकेतूला वाटेवरून ढकलतात. इकडे दत्तांच्या घरी धूमकेतूच्या अशुभाच्या शांतीसाठी होमहवन चालू असते. संकट टळते, आणि श्रेय कोणाला द्यायचे यावर घरातली माणसे दोन तटांत उभी राहतात. ही कथा आम्हांला फार मोलाची वाटते. राष्ट्राराष्ट्रांच्या सहकाराचे तिच्यातले चित्र पटते, कारण लेखकाने तसा सहकार स्वतः अनुभवला होता. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्यासारखा गुरू त्यांना लाभला. त्या हॉईलनीही १९५७ साली एक कादंबरी लिहिली होती. तीत सूर्याभोवती येऊन थांबलेला काळा मेघ विचार करणारा प्राणी निघतो. शास्त्रज्ञ त्याच्याशी बोलू लागतात, आणि राज्यकर्ते त्याच्यावर क्षेपणास्त्रे सोडतात. बुद्धीला देहाचा आकार आडवा येत नाही, हा धडा गुरुशिष्यांनी सारखाच गिरवला.

पण आमची कसोटी लावली तर काय दिसते? नारळीकरांच्या पंगतीत इंग्रज, अमेरिकन, रशियन, भारतीय असे सारे बसतात. ते सारे मात्र शास्त्रज्ञ असतात, एका शिक्षणाचे आणि एका भाषेचे. वेधशाळेची फरशी कोण पुसतो, हा प्रश्न त्या कथेत निघत नाही. हा नारळीकरांना दोष नव्हे. अंधश्रद्धेशी लढणे हे त्यांनी पत्करलेले काम होते आणि ते त्यांनी थोर रीतीने पार पाडले. परंतु एकंदर मराठी विज्ञानकथेविषयी एवढे म्हटले पाहिजे की परग्रहवासीयाला तिने सहज पाहुणा केले, आणि वेशीबाहेरच्या शेजाऱ्याला मात्र क्वचितच दारातून आत घेतले. आमच्या वाचनात तरी जातीचा प्रश्न गाभ्याशी असलेली विज्ञानकथा मराठीत अपवादानेच आली आहे.

हे शक्य नाही असे नाही. अमेरिकेत १९५३ साली एका चित्रकथांच्या मासिकात एक छोटी गोष्ट आली. पृथ्वीचा प्रतिनिधी यंत्रमानवांच्या ग्रहावर तपासणीला जातो. तेथे नारिंगी यंत्रमानव मानाच्या जागी राहतात आणि निळे यंत्रमानव गावकुसाबाहेर. कारखान्यात जाऊन पाहावे तर दोघांचे आतले भाग तंतोतंत सारखे. फरक फक्त वरच्या कवचाचा. प्रतिनिधी सांगतो, तुमची अजून आकाशगंगेच्या संघात येण्याची पात्रता नाही. यानात परतल्यावर तो शिरस्त्राण काढतो, तेव्हा वाचकाला कळते की तो कृष्णवर्णी आहे. १९५६ साली ही गोष्ट पुन्हा छापताना नियामकांनी हरकत घेतली ती नेमकी त्या शेवटच्या चित्राला. यंत्रमानवांची समता त्यांना चालत होती, माणसाची चालेना. प्रकाशक हटून बसला, आणि गोष्ट होती तशी छापली गेली.

दहा वर्षांनी, १९६६ साली, अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर ‘स्टार ट्रेक’ ही मालिका सुरू झाली. तिच्या यानात गोरे कप्तान, जपानी वंशाचा सुकाणूदार, परग्रहाचे रक्त अंगात असलेला अधिकारी आणि संपर्क सांभाळणारी कृष्णवर्णी स्त्री अधिकारी एकाच दालनात बसत. ते काम करणाऱ्या निशेल निकोल्स यांनी मालिका सोडायचे ठरवले, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना राहण्याचा आग्रह केला, असे त्या सांगत असत. त्यातले मर्म आमच्या ध्यानी येते. त्या यानात रोज संकट नसे. रोजचे काम मात्र असे. संकटात नव्हे, नित्याच्या कामात शेजारी बसणे, हीच पंगत. पुढे ऑक्टेव्हिया बटलर या कृष्णवर्णी लेखिकेने १९८७ सालच्या कादंबरीत प्रश्न आणखी अवघड केला: अणुयुद्धात होरपळलेल्या मानवांना परग्रहवासी वाचवतात, पण मोबदला म्हणून सोयरीक मागतात. सहकार हवा, पण रक्ताचे नाते नको, असे म्हणता येईल काय? आंबेडकरांनी १९१६ साली जातीचे मर्म जेथे दाखवले, तेथेच ही लेखिका येऊन पोहोचली.

श्रोतेहो, आता आपल्या वाडीकडे येतो. आषाढीच्या वारीला निघालेली ज्ञानोबांची पालखी आळंदीहून पुण्याला येते ती विश्रांतवाडीवरून. येरवड्याच्या तुरुंगात १९३२ च्या सप्टेंबरात गांधी आणि आंबेडकर यांच्यात पुणे करार झाला, तोही येथून हाकेच्या अंतरावर. महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले, तेव्हा ते तळे नंतर ‘शुद्ध’ करण्यात आले आणि हक्काचा न्यायालयीन निकाल लागायला १९३७ साल उजाडले. उलट पुण्यात १८६८ सालीच फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता, कोणत्याही निकालाची वाट न पाहता. पंगत मांडायला संकट लागत नाही आणि कायदाही पुरत नाही, हे या दोन पाण्यांनी आपल्याला शिकवले आहे.

अगदी अलीकडची गोष्ट घ्या. २०२० साली करोनाची साथ आली. ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी शोधलेली लस पुण्याजवळ तयार झाली, आणि १२ जानेवारी २०२१ रोजी तिच्या पेट्या पहाटे लोहगावच्या विमानतळावर पोहोचल्या. परदेशच्या बुद्धीने आणि आपल्या कामगारांच्या हातांनी झालेला हा सहकार कोणत्याही विज्ञानकथेला मान खाली घालायला लावील. परंतु त्याच काळात कितीतरी सोसायट्यांच्या फाटकांवर घरकामाच्या बायांना अडवून ठेवले गेले, आणि साथ ओसरल्यावर त्या आत आल्या तरी त्यांचा कप ओट्याच्या कोपऱ्यातच राहिला. ड्युबॉइस यांच्या निरोप्याची गोष्ट न्यूयॉर्कचीच आहे असे आम्ही कसे म्हणावे?

म्हणून आमचे मागणे एवढेच आहे. या सभेत कोणी तरुण लेखक-लेखिका असतील तर त्यांनी पुढची मराठी विज्ञानकथा येथली लिहावी. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाचे नभोवाणी संकेत टिपत उभ्या आहेत. जगातल्या कोणत्याही देशाच्या संशोधकाला तेथे वेळ मागता येतो. एखाद्या रात्री तेथे परक्या ताऱ्याची हाक ऐकू आली असे समजा. ती हाक प्रथम कोण ऐकेल? सारे जग जमल्यावर, शास्त्रज्ञांना चहा देणारी मावशी त्या खोलीत बसेल की दाराशी उभी राहील? पाहुण्याने आपली जात विचारली तर आपण काय सांगू? आणि तो गेल्यानंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच खोलीत पाट कसे मांडले जातील? या प्रश्नांची उत्तरे आम्हांला भाषणात देता येणार नाहीत. ती गोष्टीतच देता येतील, आणि ती गोष्ट ज्यांच्या पंगती अजून वेगळ्या मांडल्या जातात त्यांच्या घरांतून आली तर अधिक खरी उतरेल.